जिजाई साकारणाऱ्या गौरीबाईंचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी वारीचे दिवस आले की ‘संत तुकाराम’ या 1936 सालच्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटावर हमखास लेख येतात. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम, शांताराम आठवल्यांचे ‘आधी बीज एकले’ हे गीत आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव, या सगळ्याचा उल्लेख त्यांत होतो आणि तो व्हायलाच हवा. मात्र तुकोबांची पत्नी जिजाई ज्यांनी उभी केली, त्या गौरीबाईंची बोळवण बहुतेक वेळा कंसातल्या एका नावावर होते. याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी माझी अशी खात्री पटते की पागनीसांची तल्लीनता आपल्याला खरी वाटते, याचे निम्मे श्रेय गौरीबाईंचे आहे. तुकोबा विठ्ठलाच्या नामात दंग असताना घरात दाणा नाही, मुले उपाशी आहेत, याची आठवण पडद्यावर सतत जागी ठेवणारी तीच एक व्यक्ती आहे. मूल आजारी पडते तेव्हा त्याला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात पायातली वहाण घेऊन ती थेट देवळात शिरते आणि पांडुरंगाला जाब विचारते. या प्रसंगात भडकपणाला पुरेपूर वाव होता. गौरीबाई आवाज चढवतात, पण त्या रागाच्या तळाशी असलेली आईची भीती त्यांच्या चेहऱ्यावरून क्षणभरही हलत नाही, आणि म्हणूनच भाविक प्रेक्षकालाही तो देवाचा अपमान वाटत नाही. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा वस्त्रे-दागिने पाहून तिला होणारा आनंद आणि तुकोबांनी ते सारे नाकारल्यावर होणारा तिचा संताप, हे दोन्ही त्यांनी इतक्या सरळपणे दाखवले आहे की प्रेक्षकाला तिची बाजू घ्यावीशी वाटते. लोककथेत कजाग म्हणून हिणवल्या गेलेल्या आवलीला, म्हणजेच जिजाईला, मिळालेला हा न्याय लेखक शिवराम वाशीकरांइतकाच या अभिनेत्रीचाही आहे.

पाच वर्षांनी, 1941 साली आलेल्या ‘संत सखू’मध्ये याच गौरीबाई सखूला छळणारी सासू झाल्या. सखू होत्या हंसा वाडकर. जिजाईच्या तोंडाळपणामागे माया होती, तर इथल्या तोंडाळपणात तिचा लवलेशही नाही. नऊवारी तीच, कडाडणारा आवाजही तोच, तरीही एकीत दुसरी कुठे डोकावत नाही. नायिकेच्या कामाचे मोजमाप करायला गाणी असतात, प्रसिद्धीची छायाचित्रे असतात. चरित्र अभिनेत्रीच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्यातून प्रभातमध्ये त्या आल्या त्याच साध्या नोकरीच्या निमित्ताने, असे त्या कंपनीविषयीच्या लेखनात वाचायला मिळते. रंगभूमीचे मोठे नाव पाठीशी नसलेल्या अशा स्त्रीचे चरित्र कोण लिहिणार?

पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि चित्रपटाच्या अभ्यासकांनी प्रभातच्या चित्रपटांतील गौरीबाईंच्या लहानमोठ्या सर्व भूमिकांची एक यादी जुन्या गाण्यांच्या पुस्तिका, श्रेयनामावल्या आणि छायाचित्रे ताडून तयार करावी, अशी माझी विनंती आहे. ज्या आवारात त्यांनी काम केले तिथेच आज चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे. तिथल्या अभिनयाच्या विद्यार्थ्यांना देवळातला तो प्रसंग आवर्जून दाखवला जावा. आपल्या दैनिकानेही येत्या आषाढीच्या पुरवणीत केवळ जिजाईच्या भूमिकेवर एक स्वतंत्र लेख छापावा आणि त्यासोबत पागनीसांच्या नेहमीच्या छायाचित्राऐवजी गौरीबाईंचे छायाचित्र द्यावे.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे