वर्दळीचा निकष लहान शहरांच्या मुळावर

महोदय,

रेल्वे आणि मेट्रो स्थानकांवर उद्वाहक, उतारमार्ग व दृष्टिहीनांसाठी स्पर्शपट्ट्या बसवण्याच्या योजना महानगरांपासून सुरू होतात आणि ‘पुढच्या टप्प्यात लहान शहरे’ हे आश्वासन त्यांना जोडलेले असतेच. तो टप्पा रखडला की खापर निधीवर फुटते. माझ्या मते दोष त्याआधीच, प्राधान्य ठरवण्याच्या निकषात आहे.

हा निकष म्हणजे दैनंदिन प्रवासीसंख्या. जपानने 2000 साली अडथळामुक्त वाहतुकीचा कायदा केला, तेव्हा सुधारणांचे उद्दिष्ट दिवसाला 5,000 किंवा अधिक प्रवाशांच्या स्थानकांपुरते ठेवले होते. पुढे ही मर्यादा 3,000 वर आली. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानेही जुन्या मेट्रो व्यवस्थांत निवडक महत्त्वाच्या स्थानकांवरच सक्ती केली आणि निवडीत वर्दळीला स्थान दिले. मर्यादित पैशात अधिकाधिक लोकांची सोय व्हावी, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. परंतु जिथे जिना चढल्याशिवाय फलाट गाठता येत नाही, तिथे चाकाच्या खुर्चीतला माणूस मोजणीत येणार कसा? त्याची गैरहजेरी मागणीचा अभाव ठरते आणि त्याच आकड्याच्या आधारे त्याला उद्वाहक नाकारला जातो.

महानगरात एक उद्वाहक बंद पडला, तर शेजारचे स्थानक किंवा दुसरे वाहन असा काही पर्याय उरतो (तो सुखाचा नसतो, हे मान्य). लहान शहरात स्थानक बहुधा एकच असते आणि मोठ्या रुग्णालयाची वाटही तिथूनच जाते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या कराराचे कलम 9 सुगमतेच्या संदर्भात शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही भागांचा स्पष्ट उल्लेख करते. वर्दळीची अट त्यात नाही.

म्हणून निवड करताना प्रवासीसंख्येच्या बरोबरीने जवळच्या सुगम स्थानकापर्यंतचे अंतरही धरले जावे आणि निधीचा ठरावीक वाटा लहान शहरांसाठी राखून ठेवावा. नुसता पैसा मात्र पुरणार नाही. उतारमार्गाला एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते, हे सर्वमान्य प्रमाणही जागेच्या सबबीखाली मोडले जाते. असा तीव्र उतार कागदावर सुविधा म्हणून मिरवतो आणि प्रत्यक्षात धोका ठरतो. छोट्या नगरपालिकांकडे हे तपासणारा अभियंता अनेकदा नसतो. तो राज्य पातळीवरून पुरवावा आणि दिव्यांग वापरकर्त्यांनी प्रत्यक्ष चाचणी घेतल्याखेरीज कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये.

आपला,
एक वाचक