बोटीवर निघण्याआधी

मँचेस्टर,
शुक्रवार, रात्री

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बॅग भरून झाली. उद्या दुपारी रेनबरीला बोट ताब्यात घ्यायची आणि आठवडाभरात कालव्याने वेल्समधल्या लँगोलेनला जाऊन परत यायचं. परवा फोनवर हे सांगितलं आणि आई, तू एकदम गप्प झालीस. म्हणून पत्र. यात कुणाला मध्येच फोन ठेवता येत नाही.

मला पोहता येत नाही हे माझ्याही लक्षात आहे. पण ही नदी नाही, कालवा आहे, बहुतेक ठिकाणी कमरेएवढं पाणी. पडलेच तर उठून उभं राहायचं. लाइफ जॅकेट आहे आणि ते मी घालणार आहे. आत शेगडी असते, थंडी वाजणार नाही. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते, आणि रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली की पाचलाच काळोख होईल. म्हणजे संध्याकाळी मी बोट बांधून गुपचूप आत बसलेली असेन. तुमच्या-माझ्यात साडेपाच तासांचं अंतर पडेल तेवढं ध्यानात ठेवा, फोन उशिरा आला म्हणून घाबरू नका.

वेगाची तर काळजीच नको. मर्यादा ताशी चार मैल. काठावरून कुत्रं फिरवणारी आजी आपल्या पुढे निघून जाते. आणि एवढा वेगही या लोकांना जास्त वाटतो! काठाला बांधलेली बोट दिसली की इंजिन बंद पडतंय की काय इतकं हळू करायचं. का, तर त्या बोटी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखांना बांधलेल्या असतात. आपण वेगात गेलो की पाणी त्यांना आधी पुढे ढकलतं, मग मागे खेचतं. दोर ताणतात, मेख उपटते, आत कुणाचा तरी चहा सांडतो. मग खिडकीतून एक डोकं बाहेर येतं आणि 'स्लो डाउन!' म्हणून ओरडतं. अशा दहा बोटी ओळीने असल्या तर दहावी मागे पडेपर्यंत असंच सरपटायचं. गेल्या वर्षी एका दिवसासाठी गेले होते तेव्हा तो ओरडा मी खाल्लेला आहे. याला हे लोक सुट्टी म्हणतात आणि वर पैसे मोजतात.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे हा कालवा चक्क वाहता आहे. डी नदीचं पाणी हॉर्सशू फॉल्सच्या बंधाऱ्यापाशी आत घेतात आणि ते खाली हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत जातं, पिण्यासाठी. १९४४ मध्ये कायद्याने बोटींची वाहतूक मोडीत निघाली होती, पण पाणी न्यायचं म्हणून कालवा बुजवला नाही. पाटबंधाऱ्यात जन्म घालवलेल्या माणसाने बघावा असा आहे. जाताना आम्ही प्रवाहाच्या उलटे, त्यात पानगळ. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात पानं गुंतली की गिअर उलटा टाकून झटकायची.

(आई, एवढं वाचू नकोस. पाँटकसिल्टेला कालवा पुलावरून जातो, १८०५ चा, टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांनी बांधलेला. ३०७ मीटर लांब लोखंडी कुंड, खाली ३८ मीटरवर नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूचं आल्यावर सांगते.)

ताईने विचारलंच, दिवाळीला रजा नव्हती, मग ही कुठून आली? ताई, चार दिवसांसाठी तिकिटाचे एवढे पैसे घालवायचे का? आणि मोठी रजा मी तुझ्या लग्नासाठी राखून ठेवली आहे, शपथ. ही त्यातली नाही. म्हणजे, दोनच दिवस त्यातले आहेत.

या महिन्यात पैसे थोडे कमी पाठवलेत. घरभाडं वाढलं. थोडं बोटीमुळेही. पुढच्या महिन्यात भरून काढते, हॉलची आगाऊ रक्कम अडणार नाही. फक्त तारीख पक्की करण्याआधी मला विचारा, हॉलवाल्याला नंतर. आणि मामांच्या त्या स्थळाला माझा नंबर देऊ नका, निदान हा आठवडा. बोटीवर रेंज नसते.

फराळाचा डबा बोटीवर नेते आहे. चकल्या अजून कुरकुरीत आहेत. करंज्या संपल्या.

तुमची,
मनू