पुढच्या मंगळवारच्या भाकऱ्या

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

लालबागच्या घरातून मला बाहेर काढले गेले, तेव्हा ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन बराच काळ लोटला होता. कलम ३७७ च्या जाचातून समलिंगी माणसे सुटली म्हणून त्या दिवशी पेढे वाटणाऱ्या मित्रांपैकी एकानेही मला रात्रीपुरता आसरा दिला नाही. ‘हे बरे करता येते’ असे सांगून पैसे उकळणाऱ्या समुपदेशकाविषयी तर न बोललेलेच बरे.

माझ्यासारख्या समलिंगी माणसांना एकत्र राहायला जागा देणाऱ्या, मुरबाडकडच्या तुमच्या शेतावर पोहोचेपर्यंत ‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्न मी प्रत्येक उंबरठ्यावर ऐकला होता. तुम्ही मात्र स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली पाळ्यांची वही काढलीत, चष्मा शोधलात आणि पुढच्या मंगळवारच्या भाकऱ्यांसमोर शाईने माझे नाव लिहिलेत. पुढच्या मंगळवारी मी तिथेच असणार, हे तुम्ही न विचारता धरून चालला होतात! भाकरी थापता येते का, हेसुद्धा विचारले नाहीत. त्याचे परिणाम सगळ्यांनी मुकाट्याने चावून खाल्ले.

रात्री अंगणात तुम्ही एडवर्ड कार्पेंटरविषयी सांगत असायचात. शेफील्डजवळच्या मिलथॉर्प गावी भाजीपाला पिकवणारा आणि काश्मीरहून आलेल्या वहाणांच्या नमुन्यावर सँडल तयार करणारा हा इंग्रज लेखक, १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला समलिंगी संबंधांवरून सक्तमजुरी झाल्यानंतरच्या धास्तीच्या काळातही, आपला जोडीदार जॉर्ज मेरिल याच्यासोबत उघडपणे संसार करून राहिला. अमेरिकेत १९७९ साली ॲरिझोनात पहिल्यांदा जमलेल्या ‘रॅडिकल फेअरी’ या समलिंगी पुरुषांच्या चळवळीतल्या मंडळींनी पुढे टेनेसीच्या डोंगरातही अशीच सामूहिक वस्ती वसवली, हेही तुमच्याकडूनच कळले. कायदा अनुकूल होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि वडिलोपार्जित जमिनीवर चार खोल्या बांधताना तुम्हीही पाहिली नाहीत.

तिथे सगळे गोडीगुलाबीने चालते असे नाही. भांडी कोणी घासायची यावरून अबोला धरणारे महाभाग तिथेही आहेत. तरीही शेजारच्या वाडीतल्या आजींनी ‘पोरं कामाची आहेत’ एवढ्या एका वाक्यात आमचा निकाल लावला. माणुसकीला फार शिक्षण लागत नाही, हे मला त्यांच्याकडे पाहून पटले. माझ्या उच्चशिक्षित नातलगांना कोणी तरी हे कळवावे.

विहिरीवरची मोटर पुन्हा रुसली आहे असे कळले. तिचा कपॅसिटर लोहार चाळीतून घेतला आहे; शनिवारी येताना घेऊन येतो.

आपला,
लालबागचा पाहुणा