बोट म्हणजे भाड्याची गाडी नाही हो

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्रात शिडाची याट भाड्याने घेऊन फिरण्यावर अख्खं पान आलंय. फोटो बघून पुन्हा जावंसं वाटलं हे खरं, पण त्यात एक वाक्य आहे की गाडी भाड्याने घ्यावी तशी बोट घ्यायची आणि मन मानेल तिकडे निघायचं, अनुभव वगैरे काही लागत नाही. ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. मी दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा ग्रीसमध्ये आयोनियन समुद्रात, लेफकाडा बेटावरून, पहिल्यांदा स्किपरशिवाय, म्हणजे बोट चालवणारा भाड्याचा माणूस न घेता, आणि दुसऱ्यांदा स्किपर घेऊन, आणि त्या दोन ट्रिपा म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक होता.

आधी कागदाचं सांगतो. स्किपरशिवाय बोट घ्यायची, ज्याला बेअरबोट म्हणतात, तर ग्रीसमध्ये एकाकडे बोट चालवायचं लायसन्स लागतं आणि शिवाय बोटीवर अजून एक जाणकार माणूस आहे अशी नोंद द्यावी लागते. क्रोएशियात लायसन्सबरोबर व्हीएचएफ रेडिओचं, म्हणजे बोटीवरून बोलायच्या बिनतारी संचाचं, सर्टिफिकेटही मागतात. आमच्याकडे लायसन्सवाला माझा मेहुणा होता आणि ‘जाणकार’ म्हणून मी, आता माझी जाणकारी म्हणजे गाठी मारता येत होत्या एवढीच, तरी कागदावर सही झाली आणि आम्ही सहा जण निघालो.

आणि पहिल्याच संध्याकाळी फजिती. फिस्कार्डो म्हणून केफालोनियाच्या उत्तर टोकाला एक छोटं बंदर आहे, 1953 च्या भूकंपात बेटावरची गावंच्या गावं पडली पण हे बऱ्यापैकी वाचलं, त्यामुळे जुनी रंगीत घरं अजून उभी आहेत आणि म्हणूनच तिथे बोटींची ही गर्दी. तिकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर पुढून नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत रिव्हर्समध्ये मागे यायचं, आणि मागचे दोन दोर धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणाकडे तरी फेकायचे. वाचायला सोपं आहे. पण दुपारनंतर तिकडे वायव्येचा वारा सुटतो, रिव्हर्सला बोट आधी सुकाणूचं ऐकत नाही, वारा नाक बाजूला ढकलतो, मेहुणा ओरडतोय, बायको फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायचे फुगे) घेऊन या टोकापासून त्या टोकाला धावतेय, आणि समोरच्या टॅव्हर्नात बसलेली शंभर माणसं वाईनचे ग्लास हातात धरून आमच्याकडे बघतायत. तिसऱ्या खेपेला लागलो कसेबसे. सकाळी शेजारच्या बोटीने नांगर उचलला तर त्याच्याबरोबर आमची साखळी वर आली, आम्ही नांगर त्यांच्या साखळीवरून आडवा टाकला होता. त्या बोटीवरच्या आजोबांनी एक शब्द न बोलता अडकलेल्या साखळीखालून दोर घातला, त्यावर तिचं वजन तोललं, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करून घेतला आणि मग दोर सोडून दिला. पाच मिनिटांचं काम, पण आम्हाला ते माहीतच नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी स्किपर घेतला. त्याची रोजची फी वेगळी, जेवणखाण आपल्याकडे, आणि झोपायला त्याला एक केबिन द्यावी लागते, म्हणजे चार केबिनची बोट असेल तर तुमच्या हाती तीनच, हे बुकिंगच्या वेळी धरा नाहीतर सोफ्यावर कोण झोपणार यावरून भांडणं होतात. पण त्याने पहिल्याच दिवशी आमच्या प्लॅनचा कागद बघितला आणि हसला. आम्ही रोज 35-40 सागरी मैल लिहिले होते. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि बारा मीटरची शिडाची बोट ताशी पाच-सहा मैल जाते, म्हणजे रोज सात-आठ तास नुसतं चालतच राहायचं, पोहायचं कधी? त्याने 15-20 वर आणलं. सकाळी वारा नसतो तेव्हा इंजिनवर एखाद्या खाडीत जायचं, पोहून जेवून घ्यायचं, दुपारी वारा आला की शीड चढवायचं आणि पाच वाजायच्या आत बंदर गाठायचं म्हणजे जागा मिळते. मेगानिसी, किओनी, इथाका सगळं असंच केलं.

आता सगळीकडे असाच गोड वारा असतो असं समजू नका. तुमच्या लेखात एजियन समुद्रातली सायक्लेड्सची बेटं जुलै-ऑगस्टसाठी सुचवलीत, तिथेच तर तेव्हा मेल्तेमी वाहतो, उत्तरेचा, आकाश निळंशार असतं पण वारा ब्यूफोर्ट मापावर सहा-सात फोर्सचा, म्हणजे चांगलाच जोराचा, आणि कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. अशात नवशिक्या कुटुंबाने एखाद्या बेटावर अडकून शुक्रवारी बेसला, म्हणजे बोट जिथून घेतली त्या बंदराला, परत कसं यायचं? हो, शुक्रवारीच, कारण बहुतेक ठिकाणी बोट शनिवारी संध्याकाळी मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी सामानासकट उतरायचं असतं, म्हणजे पैसे आठवड्याचे आणि फिरणं सहा दिवसांचं.

पैशाचं तर लेखात एकच आकडा दिलाय, बोटीचं भाडं. शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन, डिझेल (टाकी भरून मिळते, भरून द्यायची), मरीनाची रात्रीची फी, हे सगळं वर. ग्रीसमध्ये 7 मीटरपेक्षा लांब बोटींना क्रूझिंग टॅक्स आहे, तो भाड्यात धरलाय का हे विचारून घ्यायचं. डिपॉझिट वेगळं, ते कार्डावर अडकून राहतं. आमचं पहिल्या वर्षी थोडं कापलं गेलं, धक्क्याला मागची बाजू घासली म्हणून, आणि त्यात चूक आमचीच होती. बोट ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा, खालून डिंगीचाही.

आणि टॉयलेटबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. हातपंपाचं असतं, पाईप बारीक, कागदसुद्धा आत टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी नको ते टाकलं आणि मेहुण्याची अर्धी सकाळ पाईप उघडण्यात गेली. गोड्या पाण्याची टाकीही सहा जणांना शॉवर घेऊन दोन दिवसांत संपते.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चौकट छापा, लायसन्सचं आणि मेल्तेमीचं तरी. आणि तो पहिल्या पानावरचा मोठा फोटो, भरल्या शिडाने निघालेली बोट, तिच्या दोन्ही बाजूंना फेंडर तसेच लटकतायत. आमच्या स्किपरने बघितला असता तर आधी ते वर घ्यायला लावले असते.

आपला,
एक नियमित वाचक