उंच केलेल्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलविषयी

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा पोहोचले. काकूंचे गुडघ्याचे दुखणे उताराला लागले हे वाचून घरात सगळ्यांनाच हायसे वाटले. पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की दिवाळीनंतर पिकअप तीन इंच उंच करून मोठे टायर चढवायचे आहेत आणि तिकडचे मिस्त्री हे काम एका दिवसात करून देणार आहेत. ते ‘एका दिवसात’ वाचले आणि मला राहवेना. एका दिवसात होण्यासारखे काम एकच असते, आणि ते म्हणजे मागचा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा भाग) आणि पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालून, या सगळ्यांना एकत्र बांधणारे लांब यू-बोल्ट आवळणे. दोन वर्षांपूर्वी मी नेमके हेच करून घेतले होते. त्यातून पुढे काय काय निघाले, ते तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

चोरलकडच्या शेताची वाट तू पाहिली आहेस. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत गाडीचे पोट टेकायचे, म्हणून उंचीची गरज खरी होती. पहिला महिना मजेत गेला. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागून थरथर येऊ लागली आणि ताशी साठच्या पुढे पायाखाली एक घुमणारा आवाज सुरू झाला. मी टायरचे बॅलन्सिंग दोनदा करून घेतले, पण काही फरक पडला नाही. अखेर देवास नाक्यावरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुढची चाके सिमेंटच्या कट्ट्याला टेकवली, मला बाजूला उकिडवे बसवले आणि मुलाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगितले. माझ्या डोळ्यांदेखत डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचे, नाक वर उचलले गेले आणि सरळ दिसणारा पाटा ठोकळ्याच्या पुढेमागे सापासारखा वळला. क्लच दाबताच सगळे धाडकन जागेवर आले. ते म्हणाले, “हीच तुमची थरथर.”

याचे कारण नीट समजून घे. इंजिनाचा जोर चाके फिरवतो तेव्हा तोच जोर ॲक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, उलट दिशेने पिळत असतो, आणि त्या पिळाला धरून ठेवणारे तिथे पाट्यांशिवाय दुसरे काहीही नसते. मध्ये तीन इंचांचा ठोकळा आला की ॲक्सलला पाट्याविरुद्ध तीन इंचांची जास्तीची तरफ मिळते. यू-बोल्ट लांब झाल्यामुळे अधिक ताणतात आणि ढिले पडतात, आणि ढिलाई आली की सगळा भार पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर जातो. तो तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो. माझ्या गाडीचे चारपैकी दोन यू-बोल्ट साध्या पान्याने फिरत होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

घुमणाऱ्या आवाजाचे कारण निराळे निघाले. माझे ठोकळे तिरपे कापलेले होते. गिअरबॉक्सकडून मागे जोर आणणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, आणि तो डिफरन्शियलच्या नाकातल्या ज्या छोट्या गिअरला जोडतो ते पिनियन. पिनियनचे तोंड वर, शाफ्टच्या दिशेने वळवले की कोन सुधारतो, अशी समजूत त्यामागे होती. ती समजूत दुहेरी क्रॉसच्या शाफ्टपुरतीच बरोबर आहे (क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा, तिरका राहूनही फिरणारा जोड). आपल्यासारख्या गाड्यांत मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतात. साधा क्रॉस तिरका फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच एकाची चूक दुसरा फेडतो. म्हणजे पिनियन शाफ्टकडे रोखलेले नको, ते शाफ्टच्या पुढच्या टोकाशी गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याला समांतर हवे. पाटे पिळतात म्हणून उभ्या गाडीत अंशभर खाली झुकलेले असले तरी चालते. माझ्या गाडीत फरक पाच अंशांचा होता. मिस्त्रींनी क्रॉस काढून हातात दिला, तेव्हा त्याच्या कपात ग्रीसच्या जागी गंजाची लालसर भुकटी होती आणि बेअरिंगच्या सुयांनी दांड्यावर बारीक खाचा कोरल्या होत्या. ती लाल भुकटी कधी दिसली, तर त्या गाडीने एक मैलही पुढे जाऊ नकोस.

मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते एका वीतभर रबरी नळीचे. ॲक्सलच्या आतली हवा बाहेर जाण्यासाठी वर एक श्वासनळी असते. गाडी उंच झाल्यावर ती ताणली गेली आणि निप्पलवरून निसटली, आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. नाल्यातून जाताना तापलेले हाउसिंग एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. प्लग उघडला तर तेल दुधाच्या चहासारखे पांढुरके झाले होते. बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी), दोन्ही बदलावे लागले.

ब्रेकचे मात्र फार गांभीर्याने घे. तुझ्या गाडीत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, वजन ओळखणारा व्हॉल्व्ह आहे का ते आधी खाली वाकून पाहा. ॲक्सल आणि चासी यांच्यातील अंतर वाढले की तो हौदा रिकामा समजतो आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. बटाट्याच्या गोण्या भरून मी भेरूघाट उतरत होतो, तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येऊ लागला आणि पेडल खोल जाऊ लागले. दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी गाडी कडेला घेतली. व्हॉल्व्हची दांडी वाढवून घेतल्यापासून तो त्रास राहिलेला नाही.

आता माझ्या गाडीला ठोकळे नाहीत. उंची तीनवरून दोन इंचांवर आणली आणि ती नव्या, जास्त बाक असलेल्या पाट्यांच्या संचातून मिळवली. यू-बोल्ट नवेच घातले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, आणि पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळले. शॉकअब्सॉर्बर, ब्रेकचा मागचा होज आणि श्वासनळी लांब घेतली. टायरच्या बाबतीतही सांभाळून राहा. २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ घातले तर व्यास सुमारे सात टक्के वाढतो, काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी शहाऐंशीच्या आसपास असते, आणि ॲक्सलच्या शाफ्टवरचा ताण वाढतो तो वेगळाच. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते, तेव्हा आरटीओ आणि विमा या दोन्हींची चौकशी आधी कर.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळव: गाडी सपाट जमिनीवर उभी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर, मोबाइलच्या कोनमापकाने घेतलेला पिनियनचा कोन, आणि रोज हौद्यात सरासरी किती वजन असते ते. हे आकडे येईपर्यंत मिस्त्रींना आगाऊ रक्कम देऊ नकोस. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. थंडीत इकडे येशील तेव्हा मोरेन्याची गजक आण. आपण तुझी गाडी देवास नाक्यावर नेऊन खालून एकदा नीट बघून घेऊ.

तुझा,
श्रीधर