बोट आधी दक्षिणेला का जाणार

लास पाल्मास, ग्रान कनारिया
24 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही चौघं ग्रेनाडाला पोचवायला निघालेली कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट, परवा सुटेल. पाठवलेली लिंक उघडलीत की ती नकाशावर दिसेल, आणि पहिले सहा दिवस पश्चिमेला न जाता आफ्रिकेच्या बाजूने खाली सरकताना दिसेल. वाट चुकलेली नसेल, काळजी करू नका. इथून कॅरिबियनमधलं बार्बाडोस सरळ गेलं तर साधारण 2,700 सागरी मैल. आम्ही आधी आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांतल्या मिंडेलोला जाणार, म्हणजे 870 आणि पुढे 2,020. दोनशे मैल वाढतात, पण सरळ वाटेवर अझोर्स बेटांकडचा हवेचा उच्च दाब पसरला की वारा पडतो आणि बोट तेलावर तरंगल्यासारखी उभी राहते. ईशान्येचे व्यापारी वारे या दिवसांत वीस अक्षांशाच्या खाली जास्त भरवशाचे. दिवसाला 150 मैल धरून सहा आणि चौदा, असे वीस दिवस. हवामानाच्या फाइली सकाळ-संध्याकाळ उतरवतो, तरी पाच दिवसांपुढचा अंदाज हिशोबात धरत नाही.

इंजिनावर सगळी वाट निघत नाही. टाक्यांत 600 लिटर डिझेल, कॅनमध्ये 160. दोनपैकी एकच इंजिन मिनिटाला 1,800 फेऱ्यांवर ठेवलं तर तासाला तीन लिटर जातात आणि पाच मैल कापले जातात. दोन्ही चालवली तर वेग जेमतेम दीड मैलाने वाढतो, डिझेल मात्र दुप्पट. 150 लिटर राखून ठेवले की हजारेक मैलांचं बळ उरतं, म्हणजे निम्म्याहून कमी वाट.

बोट शेवटी ग्रेनाडाला द्यायची आहे. तरी समुद्रापलीकडचं पहिलं बंदर बार्बाडोस, आणि ते पासपोर्टने ठरवलं. चौघांत आम्ही दोघं भारतीय, आणि बार्बाडोसला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. चि. संजूला हे नीट वाचायला द्या, कारण पुढच्या खेपेला त्याला यायचं आहे. नव्या फ्रेंच कॅटमरान पुष्कळदा मार्टिनिकला उतरवतात. ते बेट फ्रान्सचंच, पण शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, तिथे चालत नाही. मुंबईत अर्ज करतानाच त्या प्रदेशाचा व्हिसा वेगळा मागावा लागतो. आणि बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या पूर्वेला शंभरेक मैलांवर एकटं आहे. आधी सेंट लुशियाला उतरून मग तिकडे वळायचं म्हटलं, तर शंभर मैल वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर. वाऱ्याकडचं बंदर आधी घ्यायचं, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आपल्याकडे समुद्रात जायला मत्स्य खात्याचं टोकन असतं, तसा इथे मागच्या बंदराचा निर्गमन दाखला. बार्बाडोसला उतरताना तो पहिल्यांदा मागतात. पण युरोपात खाजगी बोटीला निघताना सहसा कोणी कागद विचारत नाही, म्हणून न मागता तो मिळतही नाही. बंदर कप्तानाच्या कचेरीत जाऊन मागायचा, आणि मरिनाची, म्हणजे बोटी उभ्या करायच्या धक्क्याची, पैसे भरल्याची पावतीही जोडून ठेवायची. युरोपातून बाहेर पडल्याची पासपोर्टची नोंद शेवटी, निघायच्या दिवशीच. संजूने शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागावा. सिंगल एंट्रीचा त्या नोंदीबरोबर संपतो, आणि बाहेर पडल्यावर सुकाणू मोडून परत यावं लागलं तर बंदरात शिरायचे वांधे. मिंडेलोत सागरी पोलीस बोटीचे मूळ कागद निघेपर्यंत स्वतःकडे ठेवतात. शुक्रवारी दुपारनंतर पोचलो तर सोमवारपर्यंत अडकायची तयारी हवी.

खलाशांच्या यादीच्या दहा प्रती, प्रत्येकीवर बोटीचा शिक्का. सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव दुसऱ्या. यादीत वडिलांचं नाव गाळलं की ती पासपोर्टशी जुळत नाही, आणि परतीचं तिकीट तिसऱ्याच प्रकारे काढलेलं असतं. तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर एकच हवं. परतीचं तिकीट उतरतानाच दाखवावं लागतं. लंडनमार्गे काढलं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, म्हणून स्वस्त तिकीट बघून लगेच काढू नये.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. बोटीवर ईपर्ब नावाचं संकटात सिग्नल देणारं यंत्र आहे, पिवळं, थर्मासएवढं. पाण्यात पडलं की ते आपोआप उपग्रहाला सिग्नल देतं. बोटीचा झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की त्यातला सांकेतिक क्रमांकही बदलावा लागतो, नाहीतर मदतीची हाक भलत्याच देशाकडे जाते. तो काल बदलून घेतला आणि लेबलावरचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहिला. त्या नोंदणीत संपर्कासाठी बोट पोचवणाऱ्या कंपनीचा आणि तुमचा फोन दिला आहे. यंत्र चुकून सुरू झालं तरी बचाव केंद्र आधी त्या नंबरांवर विचारतं. परदेशी नंबर दिसला म्हणून फसवणुकीचा समजून कापू नका. त्यांना एवढंच सांगायचं: पांढरी कॅटमरान, 45 फूट, माणसं चार, लाइफराफ्ट (जीव वाचवायचा हवेचा तराफा) सहा जणांचा, लास पाल्मासहून मिंडेलोमार्गे बार्बाडोस. संजूकडून हे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि कॅलेंडरशेजारी चिकटवा.

नकाशावरचा ठिपका वेगळ्या यंत्राचा आहे. तो चार तासांनी हलतो, कधी अँटेनावर पाणी बसलं की दिवसभर हलतही नाही. तो थांबला म्हणून आईला रात्री उठवू नका. एक दिवस वाट पाहा, मग कंपनीला फोन करा. त्यांच्याकडे बोटीचा सॅटेलाइट फोन नंबर आहे.

आईला नमस्कार, संजूला आशीर्वाद.

तुमचा,
विजू