आई-बाबा, मी ऑक्टोबरात येत नाहीये

कोलंबस, ओहायो
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून अर्ध्यातच गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. दादाला म्हटलंय, पत्र छापून आईच्या हातात दे. आईने वाचून दाखवावं. बाबा, तुम्ही भिंग घेऊन बसू नका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येते, असं एप्रिलात मीच म्हटलं होतं. ते मला जमणार नाहीये. दिवाळीलाही नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येईन आणि चांगली महिनाभर राहीन, पण ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे नसेन.

कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या इथल्या खेळाचा, अख्खा हंगाम पंच म्हणून मला या वर्षी मिळालाय. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं आहेत, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पोरं नुसती खेळाच्या वेडापायी खेळतात. सात पंचांच्या चमूत मी फील्ड जज, म्हणजे मागच्या बाजूला उभी राहणारी पंच. ६ सप्टेंबरपासून १५ नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार. सही मी जूनमध्येच केली. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरली नव्हती, हे खरं. पण ठरल्यावरही मी महिनाभर बोलले नाही, हेही खरं. बाबा, तुम्हीच शिकवलंत की आधी काय झालं आणि नंतर काय झालं यावर सगळा निकाल असतो. यात माझा क्रम चुकला. आधी तुम्हाला विचारायचं होतं आणि मग सही करायची होती.

मी कॅलेंडर घेऊन तीनदा बसले. ऑपरेशन मंगळवारी. शनिवारचा सामना संपवून रात्री निघाले तरी मुंबई, तिथून सांगली, मग तासगाव, म्हणजे मंगळवार उजाडणार. पुढच्या शनिवारी इथे उभं राहायचं तर गुरुवारी निघायला हवं. दोन दिवसांसाठी चार दिवसांचा प्रवास, आणि झोपेने जड झालेल्या हाताने मी तुमच्या डोळ्यात थेंब घालणार. दोन शनिवार सुट्टी मागता आली असती, नाही असं नाही. कोणी मला अडवलेलं नाही. पण पहिल्याच वर्षी, ऐन हंगामात दोन सामने सोडले तर माझ्या जागी येईल तो तिथेच राहील. आठ वर्षं मी शाळकरी पोरांच्या सामन्यांत शुक्रवारी रात्री थंडीत उभी राहिलेय, ती याच्यासाठी.

आई, "पुरुषांच्या खेळात बाईमाणूस पंच कशी चालते त्यांना?" असं तू मागे विचारलंस. चालते गं. सारा थॉमस नावाची बाई २००७ साली मोठ्या कॉलेजांच्या सामन्यात पंच म्हणून उतरली. २०१५ मध्ये ती व्यावसायिक लीगमध्ये गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने ‘सुपर बोल’ या त्या लीगच्या अंतिम सामन्यातही पंचगिरी केली. मी अजून त्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर आहे, पण शिडी आहे.

बाबा, आता तुमच्यासाठी. या वर्षीचे नवे नियम वाचताना मला सारखी आपली जत्रेतली कबड्डी आठवत होती. फक्कीने आखलेलं मैदान, हॅलोजनभोवती घोंगावणारे किडे, गुणलेखकाच्या टेबलाखाली बसून गूळ-पोळी खाणारी मी आणि शिट्टी दातांत धरून निदान रेषेवर वाकलेले तुम्ही. त्या रात्री यजमान गावच्या चढाईपटूला तुम्ही बाद दिलंत आणि सगळं मैदान अंगावर आलं, आठवतंय? स्कूटरवर मी तुमच्या पोटाला घट्ट धरून बसले होते. नाक्यापर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. मग एवढंच म्हणालात, "पाय आधी पडला, हात नंतर लागला." राखीव क्षेत्रात पाय टाकण्याआधी गड्याला स्पर्श झाला असता तर ते क्षेत्र खुलं झालं असतं. झाला नव्हता. मी आठ वर्षांची होते, नियम कळला नाही, पण क्रम कळला.

इथले नवे नियम नेमके तिथेच येऊन थांबतात. दुखापतीचंच घ्या. एखादा संघ भराभर खेळत आला की समोरचा बचावपटू मुद्दाम पाय धरून बसायचा. खेळ थांबला की दमलेल्या संघाला श्वास मिळतो. पडलेल्याला एक डाव, म्हणजे चेंडू पुढे न्यायचा एक प्रयत्न, बाहेर बसावं लागतं, पण तेवढं परवडायचं. आपल्याकडेही शेवटच्या मिनिटांत घोटा धरून बसणारे होतेच की. खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे पंचाने ओळखायचं कसं? म्हणून या वर्षीपासून ओळखायचंच नाही, असं ठरलंय. पंचांनी पुढच्या खेळासाठी चेंडू जागेवर ठेवला आणि त्यानंतर कोणासाठी वैद्यकीय मदत मैदानात आली, तर त्या संघाचा एक टाइमआउट गेला. टाइमआउट उरलेला नसेल तर पाच यार्ड मागे. मनात काय होतं ते विचारायचं नाही. चेंडू आधी की पडणं आधी, एवढंच बघायचं.

पण बाबा, यातली अडचण तुम्हाला लगेच दिसेल. टक्कर झाली, पोराला खरंच लागलं, पण ते लाजेने किंवा जिद्दीने उठतं, लंगडत आपल्या जागी येतं, तोवर चेंडू ठेवून झालेला असतो आणि मग त्याचा पाय मुडपतो. नियमाने त्याच्या संघाला भुर्दंड. मला हे बोचतं. एकोणीस वर्षांच्या पोराला "लागलं असेल तर तिथेच पडून राहा, उठू नकोस" हे कोणीतरी आधी सांगायला हवं. माझं काम मी ठरवलंय: टक्कर झाल्यावर चेंडूमागे न धावता दोन क्षण पडलेल्या गड्यांकडे बघायचं. कोणी उठायला वेळ लावतोय असं दिसलं तर चेंडू ठेवायच्या आत हात वर करून वेळ थांबवायची. ते हातात आहे.

दुसरं प्रकरण मोजणीचं. कबड्डीत आठवा गडी आत आला तर तुम्ही कसे एका नजरेत टिपायचात! इथे अकरा असतात आणि बचाव करणाऱ्यांची मोजणी मागच्या आम्हा तिघांकडे असते. गेल्या ऑक्टोबरात ऑरेगॉन आणि आमच्या ओहायो स्टेट या विद्यापीठांचा सामना झाला, ज्याने हे अख्खं शहर आठवडाभर झोपलं नाही. शेवटची दहा सेकंदं उरलेली. ऑरेगॉनने बारावा गडी मैदानात ठेवला, बारा जणांनी बचाव केला, ओहायो स्टेटचा पास हुकला आणि घड्याळात सहा सेकंदं राहिली. दंड काय, तर पाच यार्ड. पण गेलेली चार सेकंदं परत मिळाली नाहीत, आणि त्या क्षणी चार सेकंदं पाच यार्डांहून महाग होती. ऑरेगॉन ३२-३१ ने जिंकलं. चारच दिवसांत खुलासा निघाला, आणि आता ते नियमांच्या पुस्तकात आलंय: सामन्याचं कुठलंही अर्ध संपायला दोन मिनिटं उरल्यानंतर बचाव करणारे बारा जण प्रत्यक्ष खेळले, तर पाच यार्ड मिळतीलच, शिवाय समोरच्या संघाला हवं असेल तर घड्याळ मागे नेऊन पूर्वीच्या जागी आणायचं.

खाच पुढे आहे. बारावा गडी बाहेर पळत असेल, रेषेला दोन पावलं कमी पडली आणि तेवढ्यात खेळ सुरू करायला चेंडू मागे दिला गेला, तर? तो खेळात कुठेच आला नाही, तर पाच यार्ड द्यायचे आणि घड्याळाला हात लावायचा नाही. म्हणजे एकाच वेळी मला तीन गोष्टी डोक्यात ठेवायच्या: किती जण आहेत, बारावा कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि चेंडू हलला तेव्हा घड्याळावर किती होतं. आमच्या श्रेणीत रिप्लेचा कॅमेरा सहसा नसतो, बाबा. डोळा चुकला की संपलं.

माझा चुकलाय एकदा. मागच्या वर्षी एका शाळेच्या सामन्यात बारावा गडी मला दिसलाच नाही. आक्रमण करणाऱ्या संघाचा प्रशिक्षक मैदानाच्या कडेने बोटं नाचवत ओरडत होता, आणि मी मोजलं तोवर खेळ होऊन गेलेला. न दिसलेल्या गोष्टीचा दंड देता येत नाही, म्हणून पिवळा रुमाल खिशातच राहिला. त्या रात्री गाडीत बसून मी तुम्हाला फोन केला, तुमच्याकडे सकाळ होती. तुम्ही म्हणालात, "दिसलं नाही ते दिलं नाहीस ना? मग झोप जा." तेव्हापासून मी प्रत्येक खेळाआधी ओठांनी मोजते, चार-चार-तीन असे. अकरा भरले की पलीकडच्या पंचाला मूठ दाखवते, त्याची मूठ दिसल्याशिवाय माझी खाली येत नाही. आणि कितवा डाव चाललाय ते ध्यानात राहावं म्हणून मनगटाला इलॅस्टिक आणि त्याला फासा असतो. पहिल्या डावाला तर्जनीत, दुसऱ्याला मधल्या बोटात, असा चार बोटं सरकवत जायचा. आईच्या पुडीच्या रबरबँडसारखाच दिसतो. भाकरी थापताना सुद्धा परवा माझी बोटं सरकली!

एक अजून सांगते, मग थांबते. खेळ सुरू करायला लाथेने उडवलेला चेंडू झेलायला उभा असलेला गडी कधीकधी दोन्ही हात आडवे पसरतो, "बाजूला व्हा, मी पळणार नाही" असं आपल्यांना सांगायला. समोरचे ते बघून सैल पडायचे आणि हा पठ्ठ्या किंवा त्याचा जोडीदार चेंडू घेऊन सुसाट सुटायचा. आता चेंडू हवेत असताना झेलणाऱ्या संघातल्या कोणीही तसे हात पसरले की परत धावायचा हक्क गेला, शिट्टी. नियम मला आवडला, कारण विश्वासाने थांबलेल्या माणसाला फसवणं त्याने बंद झालं. पण वर्षानुवर्षांची सवय असलेली पोरं सप्टेंबरभर नकळत हात पसरणार आणि मग साठ यार्ड पळत सुटणार, हे मी आत्ताच सांगते. शिट्टी उशिरा वाजली तर कोणीतरी उगीच आडवा होईल. म्हणून मी आरशासमोर हात बघून शिट्टी वाजवायचा सराव करतेय. शेजाऱ्यांची माफी मागून ठेवलीय.

बाबा, हे सगळं तुमच्याकडूनच आलंय, आणि तुमच्याच डोळ्याच्या ऑपरेशनला मी नाही. हे लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आले.

तरी तुम्हाला काही कमी पडणार नाही, एवढी सोय मी केलीय. दादा चार दिवस रजा घेऊन येतोय, वहिनी दिवाळी संपेपर्यंत राहणार आहे. सांगलीला जायला-यायला गाडी ठरवलीय, एसटीने जायचं नाही, "एवढंसं तर अंतर" म्हणायचं नाही. भांडी-कपड्याच्या मावशींना दोन महिने सकाळ-संध्याकाळ यायला सांगितलंय, पैसे दिलेत, तेव्हा आईने मनाला लावून घेऊन त्यांच्या आधी भांडी घासून ठेवू नयेत. इन्व्हर्टरची बॅटरी नवी बसवून घ्या, रात्री थेंब घालताना वीज गेली तर अंधारात चाचपडायला नको. आईच्या कमरेसाठी पाठीची खुर्ची येतेय. ती बैठकीत पाहुण्यांसाठी ठेवायची नाही, स्वयंपाकघरात ठेवायची.

आता ऐका, आणि ऐकाच. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून अंघोळ नाही, वाकून काही उचलणं नाही, पाण्याची बादली तर नाहीच. आई फोडणी घालत असेल तेव्हा बाबांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, बाहेर बसायचं. काळा चष्मा घरातसुद्धा लावायचा, गल्लीतल्या पोरांनी हसलं तरी. कुठला थेंब किती वाजता याचा तक्ता मी मोठ्या अक्षरात करून पाठवतेय. घातला की आईने खूण करायची. "घातला असेल बहुतेक" चालणार नाही. आणि या वर्षी तालमीच्या स्पर्धेला पंच म्हणून कोणी बोलवायला आलं तर बाबांनी "नाही" म्हणायचं. धुळीत अजिबात जायचं नाही. पुढच्या वर्षी जा, दोन्ही डोळे स्वच्छ घेऊन.

ऋषिपंचमीला रथ निघेल तेव्हा दादाने फोन धरून मला दाखवावा. गुलालात बाबांनी उतरू नये, गच्चीतून बघावं. माझ्या नावाने एक नारळ आईने वाढवावा.

रागावला असाल तर रागवा, पण जेवणावर काढू नका. आई, तू फोनवर "बरं बाई" एवढंच म्हणालीस तर मला कळेल.

आणि शनिवारचं. माझे सामने साधारण दुपारी एकला सुरू होतात, संपेपर्यंत तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजतो. बाबा, जागत बसायचं नाही. रविवारी सकाळी सातला, तुमचा चहा होत असताना मी फोन करीन. नोव्हेंबरात इथलं घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा आठला करीन. पहिला थेंब तेव्हाच असतो, तो माझ्यासमोर घालायचा.

तुमची,
धाकटी